हॉटेलचं रूप पालटलं, गल्ला वाढला, पण कशामुळे?

एमबीए, बीबीए आणि हल्ली संख्याशास्त्राच्या प्रकल्पांमध्येही एक विषय हमखास भेटतो : 'वेबसाइटची पुनर्रचना व सोशल मीडिया मार्केटिंग यांचा हॉटेल व्यवसायावरील परिणाम – सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात'. विषय वाईट नाही. उलट चांगला आहे. हॉटेलं आपल्या पायाखालची, मालक मोकळेपणाने बोलतात, आणि मुलाखतीसोबत चहाही मिळतो. घोळ होतो तो शेवटच्या प्रकरणात. शंभर ग्राहकांना पाच पर्यायांची प्रश्नावली, दहा मालकांच्या मुलाखती, एसपीएसएसमधून एक टी-टेस्ट, आणि मग वाक्य येतं : 'रिब्रँडिंगमुळे विक्रीत लक्षणीय वाढ झाली.'

या वाक्यातलं 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय फार महाग आहे. 'रिब्रँडिंगनंतर विक्री वाढली' हे कुणीही बिलांची चळत बघून सांगू शकतं. 'नंतर'चं 'मुळे' करायचं तर वेगळं काम करावं लागतं, आणि संशोधन पद्धतीचा निम्मा अभ्यासक्रम त्या एका बदलासाठीच असतो.

हे फक्त व्हायव्हात अडकू नये म्हणून सांगत नाहीये. बारा टेबलांचा मालक असा निष्कर्ष ऐकतो आणि नवी पाटी, नवा लोगो, वेबसाइट, फोटोग्राफर आणि दर महिन्याला 'पेज सांभाळणारा मुलगा' यांवर पैसे घालतो. बऱ्याचदा कर्ज काढून. त्याच पैशात स्वयंपाकघरात एक चांगला माणूस ठेवता आला असता. तेव्हा 'मुळे' लिहिताना हात थोडा थबकायला हवा.

भिलवडीपासून सुरुवात

आपल्या भागाशी जोडलेलं आणि सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. चितळे. हॉटेल नव्हे, दूध आणि मिठाईचा व्यवसाय. पण ओळख बदलल्याने धंद्यावर काय होतं हा प्रश्न तिथे अगदी स्वच्छ दिसतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या भिलवडीत १९३९ मध्ये डेअरी सुरू झाली आणि १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधूंचं दुकान आलं. या दुकानाची बाकरवडीइतकीच प्रसिद्ध गोष्ट म्हणजे 'दुपारी १ ते ४ बंद'. त्यावर इतके विनोद झाले की ती बंद वेळ हाच ब्रँडचा एक भाग झाला. जुलै २०१७ मध्ये दुकानं दुपारीही उघडी राहू लागली आणि त्याची चक्क बातमी झाली.

आता समजा, तुमच्या हाती त्यांच्या रोजच्या विक्रीचे आकडे आले. (येणार नाहीत, पण समजा.) तुम्ही जूनची सरासरी काढली, ऑगस्टची काढली, ऑगस्ट मोठा निघाला. 'दुपारी दुकान उघडं ठेवल्यामुळे विक्री वाढली' असं लिहाल?

थोडं कॅलेंडर बघू. १ जुलै २०१७ ला देशभर जीएसटी लागू झाला, म्हणजे किंमती आणि बिलांची पद्धत त्याच सुमारास हलली. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमा होती. आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला आली होती. म्हणजे मोदक-पेढ्यांचा मोसम ऑगस्टमध्येच सुरू झाला. बरं, 'मग मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी तुलना करते' म्हणाल, तर २०१६ मध्ये चतुर्थी ५ सप्टेंबरला होती. आपले सण तिथीने चालतात आणि विक्रीची फाइल तारखेने, त्यामुळे 'मागच्या वर्षीचा तोच महिना' ही तुलना आपल्याकडे दिसते तितकी निर्धोक नाही. शिवाय मधल्या काळात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदी होऊन गेलेली. एवढं सगळं बाजूला काढलं तरी एक गाठ उरतेच : विक्री वाढली असेल तर ती तीन तास जास्त दुकान उघडं राहिल्याने, की फुकटात झालेल्या बातमीने, की 'हे लोक बदलले' या भावनेने? तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, तर एका दुकानाच्या आकड्यांतून त्या कधीच वेगळ्या करता येणार नाहीत. कितीही भारी सॉफ्टवेअर असो.

हॉटेलांच्या बाबतीत तर त्या वर्षी आणखी गंमत आहे. जीएसटी आला तेव्हा वातानुकूलित हॉटेलात १८ टक्के आणि साध्या हॉटेलात १२ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक हॉटेलांसाठी तो ५ टक्क्यांवर आला. म्हणजे कार्डावरचे दर तेच ठेवले असतील, तर एसी हॉटेलातलं ११८० रुपयांचं बिल एका रात्रीत १०५० झालं. त्याच आठवड्यात एखाद्याने नवी वेबसाइट सुरू केली असेल, तर श्रेय वेबसाइट घेऊन जाणार.

वेगळं कारण, पण त्याच जातीचं : मालक रूप पालटायचा निर्णय घेतो कधी? धंदा जोरात असताना नाही. सलग चार-पाच महिने मंदी गेली की कुणीतरी भाचा-पुतण्या म्हणतो, 'मामा, जरा इन्स्टावर या.' सगळ्यात खालच्या टप्प्यावरून मोजायला सुरुवात केली, तर काहीही न करता आकडा थोडा वर येतोच. नोकरीच्या प्रशिक्षण योजनांचा अभ्यास करताना अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अशी घसरण दाखवली होती : प्रशिक्षणाला येणाऱ्यांचं उत्पन्न नेमकं येण्याआधीच पडलेलं असतं. आजही तिला त्यांचंच नाव आहे. म्हणून मालकाकडून 'आधीचे दोन महिने' कधीच घेऊ नका. निदान दीड वर्ष मागा.

सातारा आणि सांगली : आपलं न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनिया

'रिब्रँडिंग केलं नसतं तर काय झालं असतं?' हा खरा प्रश्न. ते जग आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी ठेवायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास योगायोगाने खाण्याच्या दुकानांवरच आहे. न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्टफूड दुकानांची, बदलाच्या आधी आणि नंतर, पाहणी केली. १९९४ मध्ये निबंध आला. कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे अशाच प्रकारचं काम आहे.

आकडे बघण्यासारखे आहेत. न्यू जर्सीत दर दुकानामागे सरासरी पूर्णवेळ-समतुल्य कामगार २०.४४ होते, ते २१.०३ झाले. वाढ अर्ध्याहून किंचित जास्त. एवढंच पाहिलं तर 'फारसा फरक नाही' म्हणून आपण पुढे गेलो असतो. पण पेनसिल्व्हेनियात त्याच काळात २३.३३ वरून २१.१७ अशी घट झाली होती. बाजारच मंद होता. तेव्हा तुलना करायची ती वाढीची घटीशी, आणि फरक निघतो २.७६. यालाच 'फरकांतला फरक' म्हणतात. वेतन वाढलं की नोकऱ्या जातात या समजाला त्या आकड्याने धक्का दिला; वाद अजून चालू आहे, तो आज बाजूला ठेवू. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच : मधल्या काळात बंद पडलेली दुकानं त्यांनी यादीतून उडवली नाहीत. आपल्याकडच्या 'यशोगाथा' नेमक्या तिथेच फसतात. रिब्रँडिंग करून बुडालेला मालक मुलाखतीला सापडतच नाही, कारण आता तिथे मोबाइलचं दुकान असतं.

सातारा-सांगलीकडे या. हे दोन जिल्हे एकमेकांचे तुलनागट होऊ शकतात असं म्हणायला इतिहास आहे. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले, खालच्या भागाला 'दक्षिण सातारा' म्हटलं गेलं आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. (हेही एक रिब्रँडिंगच.) नदी एक, ऊस एक, विद्यापीठ शिवाजीच, आणि कराडपासून सांगलीपर्यंत अख्खा मसूर आणि भाकरीवर जेवण उरकणारी माणसंही बरीचशी सारखी.

समजा, साताऱ्यातल्या सहा हॉटेलांनी डिसेंबरात रूप पालटलं. त्यांची रोजची सरासरी विक्री १८,००० वरून २२,००० झाली. सांगलीतल्या तशाच सहा हॉटेलांनी काही केलं नाही. त्यांची १६,००० वरून १९,००० झाली. साताऱ्याची वाढ ४,००० दिसते, पण त्यातले ३,००० तसेही आले असते. रिब्रँडिंगच्या खात्यात जमा करता येतील ते हजार. (आकडे काल्पनिक आहेत, कुठे उद्धृत करू नका.)

यात एक गृहीतक लपलंय : काहीच केलं नसतं तर दोन्हीकडच्या रेषा समांतर गेल्या असत्या. आणि इथे स्थानिक माहिती नसेल तर पुस्तकी पद्धत तोंडघशी पाडते. सातारा पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. सांगली शहर नाही, तिथे पेठ नाक्यावरून आत वळावं लागतं. पश्चिम घाटाच्या यादीतून कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी साताऱ्यात टेबल मिळत नाही. सांगलीला असा फुलांचा मोसम नाही. उलट ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. बाजारपेठ चिखलात असताना तिथली विक्री 'सामान्य तुलना' म्हणून वापरणं म्हणजे आजारी माणसाला वजनकाट्यावर उभं करून स्वतःला लठ्ठ ठरवण्यासारखं. म्हणून बदलाच्या आधीचे निदान बारा महिने दोन्ही रेषा एका आलेखावर काढा. त्या आधीच समांतर नसतील तर पुढचं गणित मांडण्यात अर्थ नाही. कधीकधी फक्त सोमवार ते गुरुवारचे दिवस घेतले की रेषा सरळ होतात, कारण पर्यटक गळतात. पण मग निष्कर्षही फक्त सोमवार ते गुरुवारच्या गिऱ्हाइकांपुरता.

याहून स्वस्त एक युक्ती आहे आणि ती मला प्रकल्पांमध्ये जवळजवळ कधीच दिसत नाही. बऱ्याच हॉटेलांत महिन्याचे पैसे भरून जेवणारी मेसची मुलं असतात. ती इन्स्टाग्राम पाहून जेवायला येत नाहीत; भूक लागली म्हणून येतात. रिब्रँडिंगनंतर हॉटेलची विक्री २० टक्क्यांनी वाढली आणि मेसची संख्याही २० टक्क्यांनीच वाढली, तर संशय घ्या : जवळ नवं वसतिगृह झालं असेल, शेजारची खाणावळ बंद पडली असेल. मेस जिथल्या तिथे आणि अनोळखी गिऱ्हाइकं वाढली, तर 'मुळे'ला थोडा आधार मिळतो. ज्यावर परिणाम व्हायलाच नको ते मोजून बघणं, एवढीच ही युक्ती.

माहिती कुणाला कमी पडत होती?

अमेरिकेत येल्प नावाच्या संकेतस्थळावर हॉटेलांना तारे मिळतात. सरासरी काहीही असो, त्या काळी दाखवताना ती अर्ध्या ताऱ्यापर्यंत गोळा करत असत. म्हणजे ३.२४ वाल्याला ३ तारे आणि ३.२५ वाल्याला साडेतीन. जेवण दोन्हीकडे जवळपास सारखंच, दिसणं मात्र वेगळं. मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिॲटल शहरातल्या हॉटेलांची ही उडी वॉशिंग्टन राज्याच्या महसूल खात्याच्या आकड्यांशी जोडली. एक तारा वाढला तर महसूल ५ ते ९ टक्के वाढतो, असं निघालं. पण महत्त्वाचं पुढे आहे : हा परिणाम एकट्या-दुकट्या हॉटेलांवर दिसला, साखळी हॉटेलांवर नाही. साखळीत काय मिळणार हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असतं. ताऱ्यांनी त्याला नवीन काही सांगितलं नाही.

(हीच पद्धत गूगलच्या ताऱ्यांवर लावू नका. गूगल ४.२, ४.३ असं एका दशांशापर्यंत दाखवतं, त्यामुळे ती मोठी उडीच तिथे नाही.)

यातून आपल्यासाठी एक खरं संशोधनाचं गृहीतक निघतं. सांगलीच्या पेठेत तीस वर्षं चाललेल्या हॉटेलची गिऱ्हाइकं त्याला ओळखतात. वेबसाइट त्यांना काय सांगणार? साताऱ्याजवळ महामार्गावर गाडी चालवणाऱ्या कुटुंबाला मात्र काहीच ठाऊक नसतं : स्वच्छतागृह आहे का, शाकाहारी वेगळं शिजतं का, रात्री दहाला चालू असेल का. वेबसाइटचा आणि नकाशावरच्या माहितीचा परिणाम तिथे जास्त दिसायला हवा. 'परिणाम होतो का' यापेक्षा 'अनोळखी गिऱ्हाइकाचं प्रमाण जास्त असलेल्या हॉटेलात परिणाम जास्त होतो का' हा प्रश्न कितीतरी सकस आहे. आणि तो चुकीचा ठरू शकतो, म्हणून तर त्याला गृहीतक म्हणायचं.

जाहिरातींबाबतही हेच. ईबे कंपनीने स्वतःच्या नावाच्या शोधावर येणाऱ्या जाहिराती २०१२ मध्ये प्रयोग म्हणून बंद करून पाहिल्या. जाहिरातीवर होणाऱ्या क्लिकपैकी जवळजवळ सगळे, ९९.५ टक्के, फुकटच्या दुव्यावरून तसेही आले. तुमच्या हॉटेलचं नाव टाइप करणारा माणूस निघालेलाच असतो.

मोजायला किती दिवस लागतील?

इथे एक छोटं गणित करू, कारण सिनॉप्सिसमध्ये हे असलं की मार्गदर्शकही जरा नीट बसून वाचतात. ढोबळ सूत्र असं : दोन गटांतला फरक ८० टक्के शक्यतेने आणि ५ टक्के सार्थकता पातळीवर पकडायचा, तर दर गटात लागणारी निरीक्षणं म्हणजे १६ गुणिले (प्रमाण विचलन भागिले फरक) याचा वर्ग.

समजा, रोजची विक्री सरासरी २०,००० आणि प्रमाण विचलन ६,००० आहे. रविवार-मंगळवारचा फरक पाहता हे काही जास्त नाही. ५ टक्के वाढ, म्हणजे १,००० रुपये, पकडायचे. ६,००० भागिले १,००० म्हणजे ६, वर्ग ३६, गुणिले १६ : ५७६ दिवस. बदलाआधी ५७६ आणि नंतर ५७६. तोवर आचारी बदलेल, रस्ता खोदला जाईल, तुमची फेलोशिप संपेल. वाढ २० टक्के असेल तर मात्र ३६-३६ दिवसांत दिसते. वार-वारी जोड्या लावून विचलन ३,००० वर आणलं तर ५ टक्क्यांसाठी १४४ दिवस. (दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्तच.) दोन महिन्यांच्या आकड्यांवरून '६.३ टक्के वाढ' लिहिणाऱ्यांनी हे एकदा स्वतःच्या आकड्यांवर करून बघावं. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी २०१५ मध्ये मोठ्या कंपन्यांचे २५ जाहिरात-प्रयोग तपासले. त्यांतले बहुतेक लाखो ग्राहकांपर्यंत गेलेले होते, तरी जाहिरातीचा परतावा नेमका किती हे बहुतेक वेळा ठरवता आलं नाही. विक्री इतकी वरखाली होते.

मोजपट्टीकडेही लक्ष असू द्या. गूगलने १ जुलै २०२३ पासून जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स बंद केलं आणि नव्या आवृत्तीत 'बाउन्स रेट'ची व्याख्याच बदलली. पूर्वी एकच पान पाहून, दुसरं काही न करता गेलेला माणूस बाउन्स धरला जाई. आता दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर धरत नाहीत. हॉटेलच्या वेबसाइटवर लोक करतात काय? मेनू बघतात आणि जेवायला निघतात. जुन्या हिशेबात हे अपयश होतं, नव्यात नाही. म्हणून २०२३ च्या मध्यात नवी वेबसाइट आली आणि बाउन्स रेट कोसळला, तर आधी विचारा की डिझाइन बदललं की फूटपट्टी.

शेवटी, जमेल तिथे नाणं उडवा. रिब्रँडिंग हा एक गठ्ठा आहे; त्यातली पाटी आणि नाव पुन्हा मागे घेता येत नाही, पण जाहिराती आणि पोस्ट घेता येतात. मालकाला म्हणा, बारा आठवडे दर सोमवारी नाणं उडवू : छापा आला तर त्या आठवड्यात जाहिरात चालू, काटा आला तर बंद. आठवड्याचा परिणाम पुढच्या आठवड्यात सांडतो, म्हणून पहिले दोन दिवस हिशेबातून वगळू. एवढ्या कमी दिवसांत मोठाच परिणाम दिसेल, हेही वर केलेल्या गणितासकट आधीच लिहून ठेवा. बारा हॉटेलं तयार असतील तर चिठ्ठ्या टाकून सहांचं काम आधी आणि सहांचं तीन महिन्यांनी. कुणालाच नाही म्हणावं लागत नाही, आणि मधले तीन महिने तुम्हाला खराखुरा तुलनागट मिळतो.

मालकाकडे जाताना प्रश्नावली मागे ठेवा, आधी बिलिंगच्या संगणकातली फाइल मागा : तारीख, वेळ, टेबल की पार्सल, रक्कम. नावं आणि मोबाइल नंबर घेऊ नका, त्यांची गरज नाही. बहुतेक जण विचारतील, 'आयकरवाल्यांना तर नाही ना देणार?' त्याचं लेखी उत्तर, विभागप्रमुखांच्या सहीचं, खिशात असलं की काम लवकर होतं.